पेटीला मुंग्या येतात? मोटारीची अर्थिंग तार एकदा तपासून घ्या

आज खत-फवारणी थोडी बाजूला ठेवू.

परवा अर्धापूरकडच्या एका सभासदाच्या केळीत ड्रीप बघायला गेलो होतो. दादांनी स्टार्टरचं बटण हाताने नाही, वाळलेल्या काठीने दाबलं. विचारलं तर म्हणाले, "पेटीला जरा मुंग्या येतात, पावसाळ्यात जास्तच. आता सवय झाली." अर्थिंगची तार बघितली तर बांधायच्या तारेएवढी बारीक, अन् खाली गवतात तुटून पडलेली.

मंडळी, मुंग्या येणं म्हणजे पेटीला करंट उतरलाय. आज कोरड्या पायाला मुंग्या येतात, उद्या ओल्या पायाने तोच करंट जीव घेतो.

*तार किती जाड हवी?*
पेटीत करंट उतरला की तो आपल्या अंगातून न जाता तारेतून जमिनीत गेला पाहिजे. म्हणून तारेला तो भार पेलला पाहिजे.
▪ तांब्याची तार: फेजची केबल १६ चौरस मिमीपर्यंत असेल तर अर्थिंगची तारही तेवढ्याच जाडीची. केबल ४ ची, तर अर्थिंगही ४ ची. उघड्यावरून जाणारी तार ४ पेक्षा बारीक नको.
▪ जीआय तार: लोखंडातून करंट तांब्यापेक्षा कमी वाहतो, म्हणून ती जाड लागते. केबल ४ चौरस मिमीपर्यंत असेल तर किमान ८ नंबर, म्हणजे साधारण ४ मिमी जाड. त्यापुढच्या केबलला २५ × ३ मिमीची जीआय पट्टी घ्या.
▪ ॲल्युमिनियमची तार जमिनीत पुरू नका, गंजून तुटते.
▪ थ्री-फेज मोटारीला दोन वेगळ्या अर्थिंग हव्यात, दोन वेगळ्या खड्ड्यांतून. एक तुटली तर दुसरी वाचवते.
▪ सबमर्सिबलच्या चपट्या केबलमध्ये ३ फेजच असतात, अर्थिंगची तार नसते. ती वेगळी सोडावी लागते. पाईप प्लास्टिकचा असेल तर हे विसरूच नका.

तार पिळा मारून गुंडाळू नका. रंग खरवडून, लग लावून नट-बोल्टने घट्ट आवळा. अर्थिंगच्या तारेत फ्यूज किंवा स्विच कधीच नको.

*आपल्या काळ्या मातीची गंमत*
नांदेड-लातूरची काळी माती ओली असताना अर्थिंगला चांगली. पण उन्हाळ्यात भेगा पडतात, माती पाईप सोडते अन् अर्थिंग नावालाच राहते. म्हणून ४० मिमीचा जीआय पाईप किमान अडीच मीटर खोल घाला, भोवती कोळसा-मिठाचे थर द्या. दोन खड्ड्यांत किमान ३ मीटर अंतर ठेवा. उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाका. मिठाने पाईप गंजतो, म्हणून दरवर्षी मृगाआधी एकदा उकरून बघा.

*फक्त अर्थिंगवर भागत नाही*
हिशोब बघा. खड्ड्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला करंट जातो जास्तीत जास्त ११.५ अँपिअर. एवढ्यावर मोटारीचा फ्यूज लगेच उडत नाही, पेटी जिवंतच राहते. म्हणून सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गळती झाली की तो क्षणात लाईन तोडतो. वारंवार पडत असेल तर त्याला बायपास करू नका, केबलचे जोड तपासा.

*हे अजिबात नको*
▪ अर्थिंगला न्यूट्रल धरून बल्ब किंवा मोटार चालवणे. त्यात तुमची अर्थिंगच करंटची होते.
▪ अर्थिंगची तार कुंपणाला बांधणे.
▪ किटकॅटमध्ये जाड तार घालणे.
▪ रात्रपाळीच्या लाईटला अनवाणी, ओल्या हाताने पेटी उघडणे.

मी शेतीचा माणूस, वायरमन नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, लाईन बंद करून घ्या अन् अर्थ टेस्टरने रोध मोजून मागा. कुणाला शॉक बसला तर अंगाला हात लावू नका. आधी लाईन तोडा, मग १०८ ला फोन. वीज तक्रारीसाठी १९१२.

त्या दादांना मी एवढंच म्हणालो, "दादा, काठी तुम्हाला सापडते. पण उद्या लेकरू बटण दाबायला आलं तर?" दोन दिवसांत त्यांनी दोन नवे खड्डे घेतले.

आज संध्याकाळी विहिरीवर गेलात की आधी पेटीखालची तार बघा. तुटलेली दिसली तर मोटार चालू करू नका.

— आपल्या कंपनीचा कृषी सल्लागार