बारा मोटारी, एक डीपी

सुरुवातीलाच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. तेव्हा काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या! पण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो सेलूच्या आमच्या शेतात, आणि मराठीतच. म्हणून मराठी विभागात लिहायचं धाडस करतेय.

मी नववीत होते. जानेवारी महिना, गहू ओंबीत आलेला. रात्री थ्री फेज लाइट आली आणि थोड्याच वेळात डीपी जळाली. दुसरी बसेपर्यंत बारा दिवस गेले. एक पाणी चुकलं, दाणा बारीक पडला. त्या वर्षी आमचा गहू विकण्यासारखा राहिलाच नाही.

चूक कोणाची? तेव्हा मला कोणाचीच दिसली नाही. आमच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या बारा मोटारी आहेत आणि प्रत्येकीला ऑटो स्विच. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. आबांना विचारलं तर म्हणाले, "लाइट कवा येईल त्याचा नेम नाही. रातच्याला विंचू-काट्यात कोण जाईल, पोरी?" अगदी बरोबर! बाराही जणांचं बरोबर. आणि तरी डीपी जळते.

याचं गणित मला सेकंड इयरला कळलं. चालू असलेली मोटार साधारण 5.5 केव्हीए घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे 33. बारा मोटारी एकदम सुरू झाल्या तर 396. आणि आमची डीपी 100 केव्हीएची! त्यात व्होल्टेज पडतं, मोटारी लवकर वेग घेत नाहीत आणि हा ओढा लांबतो.

अशा प्रत्येक मोटारीला 'स्वायत्त घटक' म्हणता येईल. ती आपल्यापुरतं बघते, आपल्यापुरता निर्णय घेते. पण सगळ्या एकाच तारेला बांधलेल्या. अशा हजारो घटकांना आवरायचं कसं? मला वाटायचं, मध्ये एक मोठा कॉम्प्युटर बसवायचा आणि त्याने सगळ्यांना हुकूम सोडायचे. पण देशाची वीज तशी चालत नाही.

31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिण भारतही बाकी देशाच्या ग्रिडला आला. आज सगळीकडची जनित्रं एकाच तालावर, 50 हर्ट्झवर फिरतात. कोणी किती वीज बनवायची याचं वेळापत्रक भार प्रेषण केंद्रं 15-15 मिनिटांचं करतात. पण मागणी तर सेकंदाला बदलते! मधल्या वेळात सांभाळतो तो प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर. तो कोणालाही फोन करत नाही, फक्त स्वतःचा वेग बघतो. देशात वीज कमी पडली की सगळ्यांचाच वेग किंचित उतरतो. तोच निरोप!

मग नियम लागतो, त्याचं नाव ड्रूप. 5 टक्के ड्रूप असेल तर वारंवारता 0.1 हर्ट्झ घसरल्यावर, वाव असेल तर, प्रत्येकाने आपल्या क्षमतेच्या 4 टक्के वीज वाढवायची. परळीच्या 250 मेगावॅटच्या संचाने 10, चंद्रपूरच्या 500 च्या संचाने 20. गावच्या वर्गणीसारखं, ज्याची जशी ऐपत! हा नियम नसेल आणि प्रत्येक जण नेमके 50 गाठायला धावला, तर जनित्रं आपसातच ओढाताण करत बसतील.

पण स्वायत्त घटक घातही करतात. 30 जुलै 2012 च्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी 400 केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली. चौकशीत निघालं की फॉल्ट नव्हताच. भार इतका वाढला होता की रिलेला तो फॉल्टसारखा दिसला. रिलेने आपला नियम पाळला, उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही ग्रिड पडले. आपला पश्चिमेचा वाचला. म्हणजे आमच्या डीपीचीच गोष्ट, फक्त केवढी तरी मोठी!

यातून मी एवढंच शिकले: मोठ्या जाळ्यात हुकमापेक्षा नियम महत्त्वाचा, आणि त्या नियमात शेजाऱ्याचा विचार आधीच घातलेला हवा. ऑटो स्विचमध्ये तो नव्हता.

मागच्या दिवाळीत आम्ही तो घातला. प्रत्येक स्विचला टायमर, दोन मोटारींत अर्ध्या मिनिटाचं अंतर. अकरा चालू असताना बारावी सुरू झाली तरी 60.5 अधिक 33, म्हणजे 93.5. डीपी शंभराची! पण पहिला नंबर कोणाचा यावरून पारावर तासभर भांडण. शेवटी आबा म्हणाले, "आमची बारावी लावा." मग बाकीचे गप्प झाले. एक काका शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. त्यांची मोटार लाइट येताच, पहिल्या नंबरासोबत सुरू होते. दोन मोटारी डीपी सहन करते; बारा नाही करत.

मागच्या रब्बीत डीपी जळाली नाही. एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण गव्हाला सगळी पाणी मिळाली, आणि आबा आता मला 'इंजिनिअर' म्हणतात. डिग्रीला अजून एक वर्ष आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही!