सापाची पेटी आणि हवेतील ओलावा

बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. दोरीवर टाकलेले ओले कपडे पाहता पाहता वाळतात. अशा कोरड्या हवेत नाग, धामण, घोणस हे साप तग कसा धरतात? उत्तर जमिनीखाली आहे. उंदरांची बिळे, विहिरीच्या कपारी, बालाघाटच्या डोंगरातील दगडांखालच्या सांदी, काळ्या मातीच्या भेगा या ठिकाणी हवा थंड आणि दमट असते. जागा बदलून साप आपल्याला हवा तेवढा ओलावा मिळवतो.

जखमी साप उपचारासाठी पेटीत ठेवला, की त्याला ही निवड उरत नाही. शिरूर कासार तालुक्यातील तागडगावच्या 'सर्पराज्ञी' या केंद्रासारख्या ठिकाणी जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडले जाते. अशा ठिकाणी सापाला योग्य ओलावा देण्याची जबाबदारी माणसावर येते.

कात आणि ओलावा

कात टाकण्यापूर्वी जुन्या व नव्या त्वचेमध्ये एक द्रव पाझरतो. त्यामुळे सापाचे डोळे दुधाळ दिसतात. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग साप तोंड खरखरीत दगडावर घासतो आणि पायातून मोजा उलटा काढावा तशी कात अखंड निघते. हवा फार कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. त्यावर जुनी कात चिकटून राहिली, तर दिसण्यात अडथळा येतो. शेपटीच्या टोकाला राहिलेले कातीचे कडे आवळत जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. उलट, पेटी सतत ओली राहिली तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात व जंतुसंसर्ग होतो.

दिवा लावला की काय होते?

हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती सामावून घेऊ शकते. वीस अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, तर चाळीस अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. वीस अंशांची पूर्ण दमट हवा चाळीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून साधारण एक तृतीयांशावर येते. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो! म्हणूनच उबेसाठी पेटीत दिवा लावला, की ओलाव्याचाही विचार करावा लागतो.

उपाय सोपा आहे. पेटीची एक बाजू उबदार व कोरडी ठेवायची. दुसऱ्या बाजूला पाण्याचे भांडे आणि ओलसर माती किंवा पिळलेले गोणपाट घातलेले, उपडे ठेवलेले मडके ठेवायचे. हवा खेळायला भोके हवीतच. मग निवड पुन्हा सापाकडे येते. अर्थात, सर्वांची गरज सारखी नसते. फुरसे कोरड्या माळरानावरचे, तर दिवड पाणथळीचा. पण दिवडालाही अंग कोरडे करायला जागा लागते.

वर्गात करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळा आणि दोन्हींना वारा घाला. कोरडा तापमापक ३५ अंश व ओला २५ अंश दाखवत असेल, तर आर्द्रता सुमारे ४५ टक्के असते. फरक जितका मोठा, तितकी हवा कोरडी. वर्गात, कडुनिंबाखाली आणि माठाजवळ मोजून तुलना करा.

हा प्रयोग सापाशिवायच करायचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पकडणे वा घरी पाळणे गुन्हा आहे. साप दिसला तर मुलांना दूर ठेवा, त्याला हात लावू नका आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. सापाला लागणारा ओलावा कसा राखायचा, हे बिळाइतके चांगले कोणत्याही पेटीला जमत नाही.