डीव्हीडी: मूळ घ्यावी की नक्कल करावी?

मोठ्या चित्रपटाची मूळ डीव्हीडी बहुधा दोन थरांची असते. तिच्यात सुमारे ८.५ जीबी माहिती मावते. नकलेसाठी आणलेल्या साध्या कोऱ्या डीव्हीडीत मात्र ४.७ जीबीच मावते. मग सॉफ्टवेअर जादा भाषा, मुलाखती वगळते किंवा चित्र आणखी दाबून बसवते. असे चित्र संथ प्रसंगात बरे दिसते. पण पाऊस, धूर, गर्दी किंवा हाणामारी आली की पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटतात. मूळ मजकूरच ४.७ जीबीच्या आत असेल, तर नकलेत दर्जा घटत नाही.

दुसरा फरक घडणीचा. मूळ तबकडीत माहितीचे सूक्ष्म खळगे साच्यानेच प्लास्टिकमध्ये उठवलेले असतात. कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसर त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी हा थर बिघडतो. हलकी तबकडी काही वर्षांतच अडखळू लागते.

कायद्याचा भागही आहेच. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या हेतूने नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप तोडणे हा भारतात गुन्हा आहे. विकण्यासाठी नकला काढणे तर आधीपासूनच गुन्हा होता.

आपल्याकडे २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने मूळ डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा नकलेचा स्वस्ताईचा आधारच डळमळला. आवडता चित्रपट जपायचा असेल तर मूळ प्रतच घ्यावी. घरच्या लग्नाच्या चित्रीकरणाच्या नकला मात्र जरूर काढाव्यात. त्याही चांगल्या तबकडीवर आणि एकापेक्षा जास्त.