दुःखाचे दालन आणि प्रेक्षकाचे मन

रिठदसारख्या गावातून सहलीनिमित्त पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ज्या आगाखान राजवाड्यात आवर्जून न्यावे, तेथे ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारच्या हुकुमाने गांधीजी व त्यांचे निकटवर्ती नजरकैदेत ठेवले गेले, तेथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई यांनी आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला, आणि दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत.

अशा वास्तूत प्रेक्षक गहिवरतो तो कशाने? मृतांची संख्या वाढत गेली म्हणून करुणा त्या प्रमाणात वाढत नाही, उलट ती बधिर होऊ लागते, आणि एका नावाच्या, एका चेहऱ्याच्या माणसाची कैफियत मात्र अंतःकरणास थेट भिडते, असे मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांच्या संशोधनाचे तात्पर्य आहे. १९९३ मध्ये खुल्या झालेल्या वॉशिंग्टनच्या हॉलोकॉस्ट संग्रहालयाने प्रेक्षकाच्या हाती नाझी अत्याचारांत सापडलेल्या एका खऱ्या व्यक्तीच्या हकिगतीचे ओळखपत्र देण्याची जी प्रथा ठेवली, तिचे सामर्थ्य यातच आहे.

परंतु उचंबळलेल्या भावनेस अवकाश हवा. माझ्या मते घाईची सहल तो हिरावून घेते. म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती, की त्या समाध्यांपाशी मुलांना वह्या उघडावयास लावू नयेत. त्यांना निवांत बसू द्यावे, आणि त्यांच्या प्रश्नांसाठी गावी परतल्यावर एक तास राखून ठेवावा.