कुत्र्याचे मनगट

कुत्र्याच्या पुढच्या पायाचा गुडघा कोठे असतो, असा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले पंज्याच्या थोड्या वर असलेल्या सांध्याकडे बोट दाखवतील. तो सांधा दिसायला गुडघ्यासारखा वाकतो हे खरे, पण तो गुडघा नव्हे. ते कुत्र्याचे मनगट आहे. कुत्र्याचे पुढचे पाय म्हणजे त्याचे हात. त्यांत खांदा, कोपर आणि मनगट असते. गुडघे असतात ते मागच्या पायांना.

ही चूक केवळ नावाची नाही. मेंढपाळाचा कुत्रा लंगडू लागला की 'गुडघा सुजला' म्हणून त्या सांध्याला लेप लावला जातो आणि बोटांच्या बेचक्यात घुसलेले कुसळ तसेच राहते. कधी घट्ट पट्टी बांधली जाते आणि चार दिवसांत पंजाच सडू लागतो. म्हणून हा अवयव नीट ओळखणे उपयोगाचे आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके या अभ्यासासाठी सोयीचे आहेत. एकीकडे १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालचे उसाचे बागायत, तर दुसरीकडे सुप्याचा जिरायती भाग आणि कडबनवाडीसारखी गवताळ माळराने. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये चिंकारांसाठी घोषित झाले. याच माळांवर धनगरांच्या मेंढ्या चरतात, त्यांच्यामागे कुत्री चालतात आणि कळपावर नजर ठेवून लांडगाही असतो. लांडग्याचा आणि कुत्र्याचा पंजा एकाच आराखड्याचा आहे.

सात हाडे, तीन मजले

आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात, कुत्र्याच्या मनगटात सात. कमी का? आपल्याकडे वेगवेगळी असलेली हाडे कुत्र्यात जन्माआधी सुटी असतात, पण पुढे ती जुळून एकच मोठे हाड बनते. कोपराकडून येणाऱ्या रेडियस या हाडाचा भार प्रामुख्याने तेच झेलते. वरच्या ओळीत तीन आणि खालच्या ओळीत चार अशी ही सात हाडे रचलेली असतात. त्यांच्या खाली तळहाताची पाच हाडे आणि मग बोटांची पेरे.

यामुळे मनगट हा एक सांधा नसून एकावर एक असे तीन सांधे होतात. सर्वांत वरच्या सांध्यात बहुतेक हालचाल होते, मधल्यात थोडी आणि खालच्यात अगदी नाममात्र. हे मजले मागच्या, म्हणजे तळव्याच्या बाजूने चिवट अस्थिबंधांनी आणि तंतुमय कूर्चेच्या जाड पट्टीने घट्ट बांधलेले असतात. उभ्या कुत्र्याचे मनगट सरळ रेषेपेक्षा किंचित मागे झुकलेले असते. ते आणखी खाली बसत नाही, ते या पट्टीमुळे.

वरच्या ओळीतले एक हाड मात्र वेगळे आहे. ते मागे दांड्यासारखे बाहेर येते. आपल्यातही ते आहे: तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला दाबून पाहा, वाटाण्याएवढे टणक हाड बोटाला लागेल. आपल्याकडे वाटाणा, तर कुत्र्याकडे तरफ. मनगट वाकवणारा स्नायू या तरफेला जोडलेला असतो. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीत हेच हाड मोडते आणि बहुधा उजव्या पायाचे. कारण शर्यतीची धाव घड्याळाच्या उलट दिशेने असते आणि प्रत्येक वळणावर उजव्या मनगटावर जादा ताण येतो.

चिखलातला ठसा

ओल्या मातीवर कुत्र्याला चालवा आणि ठसा पाहा. चार बोटांच्या गाद्या, मागे एक मोठी त्रिकोणी गादी आणि पुढे नखांच्या खुणा दिसतील. (मांजराच्या ठशात सहसा नखे दिसत नाहीत.) म्हणजे कुत्रा तळव्यावर नव्हे, बोटांवर चालतो. पाचवे बोट, म्हणजे अंगठा, वर राहते. मनगटाच्या मागेही एक छोटी गादी असते. तीही साध्या चालीत जमिनीला लागत नाही. भरधाव धावताना वा घसरताना ती टेकते आणि अंगठ्याचे नखही माती पकडते.

आता एक उपयोगाची गोष्ट. सावकाश चालणाऱ्या कुत्र्याच्या ठशामागे घट्ट जमिनीवरही मनगटाच्या गादीची खूण उमटत असेल, तर ते मनगट खाली बसले आहे असे समजावे.

भाराचे गणित

उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. २० किलोच्या कुत्र्यात ते १२ किलो, म्हणजे प्रत्येक पुढच्या पायावर ६ किलो. दुडक्या चालीत समजा एक पाय ४० टक्के वेळच जमिनीवर असतो. मग सरासरी ६ किलो भरून काढण्यासाठी त्या वेळात त्याला सरासरी १५ किलो भार पेलावा लागेल. हा भार चढतो आणि उतरतो. त्याचे शिखर सरासरीच्या सुमारे दीडपट, म्हणजे २२ ते २३ किलो. संपूर्ण शरीराचे वजन क्षणभर एका पायावर!

हाच कुत्रा सामानाने भरलेल्या टेंपोवरून २ मीटर खाली उडी मारून पुढच्या पायांवर उतरला आणि २० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी भार वजनाच्या ११ पट होतो: २२० किलो, म्हणजे प्रत्येक मनगटावर ११० किलो. तळव्याकडची पट्टी अशा वेळी फाटू शकते.

नेहमीच्या इजा

कुसळ: पावसाळा संपला की माळावरचे कुसळी गवत पिकते. कुसळाच्या टोकावरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. त्याची शेपटी दमट हवेत पीळ सोडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते आणि कुसळ गिरमिटासारखे आत शिरते. कुत्रा बोटांमध्ये सतत चाटत असेल, तेथे सूज आणि पू वाहणारे छिद्र असेल, तर कुसळाची शंका घ्यावी. क्ष-किरण चित्रात गवत दिसत नाही.

गादीच्या जखमा: ऊसतोडीनंतर राहिलेले तिरके बुडखे, बाभळीचे काटे आणि काचा गादी फाडतात. प्रत्येक पावलाला गादी पसरते आणि जखम उघडते, म्हणून ती सावकाश भरते. पेटवलेल्या पाचटाची धग आणि उन्हातले डांबर गादी भाजतात. हवा ४० अंशांवर असताना डांबर ६० अंशांपर्यंत तापू शकते. पालथा हात डांबरावर सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला नेऊ नये.

नख: अंगठ्याचे नख जमिनीवर झिजत नाही. ते वाढून गोल वळते आणि मांसात रुतते, किंवा कुंपणात अडकून उपटते.

मनगट बसणे: उडीनंतर कुत्रा लंगडतो, काही दिवसांनी वेदना कमी होतात आणि मालकाला तो बरा झाला असे वाटते. पण पंजा सपाट टेकत राहतो. फाटलेली पट्टी नुसत्या प्लॅस्टरने सहसा पूर्ववत होत नाही. पट्टी आणि स्क्रू बसवून सांधा कायमचा जखडावा लागतो. कोपर आणि खांदा चांगले असल्याने असा कुत्रा पुढे बरेचसे नीट चालतो.

पिलाची इजा: मनगटाजवळ हाडांची वाढ करणारी कूर्चा असते. अल्ना हाडाची बहुतांश लांबी तेथेच वाढते. तिला मार लागला तर अल्नाची वाढ थांबते, शेजारचे रेडियस मात्र वाढतच राहते. जोडीतील एकच दोरी आखडावी तसा पाय काही आठवड्यांनी धनुष्यासारखा वाकतो. म्हणून दुचाकीची धडक बसलेले पिलू दोन दिवसांत चालू लागले तरी त्याला तपासून घ्यावे.

काय करावे?

दुखणारा कुत्रा धन्यालाही चावतो. अनोळखी कुत्र्याला मुलांनी हात लावू नये. ओळखीच्या कुत्र्याचे तोंड धन्याने कापडी पट्टीने सैलसर बांधावे. मात्र त्याला धाप लागली असेल वा उलट्या होत असतील तर बांधू नये. चावा, ओरखडा किंवा आपल्या जखमेवर चाटणे घडले, तर ती जागा वाहते पाणी आणि साबण यांनी पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

जखम स्वच्छ पाण्याने धुवावी. रॉकेल वा ऑइल ओतू नये. बोटांमध्ये कापूस ठेवून मग पट्टी बांधावी आणि मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती टोके दिवसातून दोनदा पाहावीत. ती फाकली, सुजली किंवा थंड पडली, तर पट्टी ताबडतोब सोडावी. आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे त्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात. कुत्रा पाय अजिबात टेकत नसेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शस्त्रक्रिया लागेल असे वाटल्यास तेथील डॉक्टर शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला सुचवू शकतील.

वर्गासाठी शेवटचा प्रयोग. मुलांना टेबलावर फक्त बोटे टेकवून तळहात उचलून धरायला सांगा आणि शरीराचा थोडा भार हातांवर घ्यायला लावा. अर्ध्या मिनिटात मनगटाच्या आतल्या बाजूला ताण जाणवेल. मेंढ्यांमागे दिवसभर चालणारा कुत्रा हाच ताण प्रत्येक पावलाला सोसत असतो. हे एकदा कळले, की तो लंगडताना दिसल्यावर मुले आधी त्याच्या बोटांच्या बेचक्यात पाहतील.