मॅटिनीची मजुरी

गिरणीतला संप आपल्या घराघराला माहीत आहे. परंतु गाणारे, नाचणारे, हसवणारे कलावंत संपावर गेले, ही हकीकत फार थोड्यांच्या कानावर आली असेल. ती लंडन शहरात १९०७ साली घडली.

त्या शहरात 'म्युझिक हॉल' नावाची करमणुकीची थिएटरे होती. चार्ल्स मॉर्टन याने १८५२ साली लॅम्बेथ भागात 'कँटरबरी' हॉल उघडला. पुढे असे हॉल वस्त्यावस्त्यांतून निघाले. दिवसभर राबलेला कामगार संध्याकाळी तेथे जाई. गाणी, नकला, कसरती एकामागून एक चालत आणि प्रेक्षकही कलावंतांबरोबर गात.

कालांतराने हे हॉल बड्या मालकांच्या हाती गेले. रात्रीच्या खेळांबरोबर दुपारचे जादा खेळ, म्हणजे मॅटिनी, वाढले. जादा मजुरी मात्र मिळेना. जवळच्या दुसऱ्या हॉलमध्ये काम करायचे नाही, अशीही अट करारात असे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. काम जास्त आणि पगार तेवढाच, हा हिशेब आम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

१९०६ साली कलावंतांनी आपली संघटना बांधली आणि जानेवारी १९०७ मध्ये संप पुकारला. वादक आणि रंगमंचामागचे कामगारही त्यात उतरले.

या संपात मारी लॉइड उभी राहिली. १८७० साली लंडनच्या हॉक्स्टन या गरीब वस्तीत जन्मलेली ही बाई तेव्हा सर्वांत लोकप्रिय गायिका होती. तिला हवा तो पगार मागून घेता येत होता. संपाची तिला स्वतःला गरज नव्हती. तरीही कमी पगाराच्या सोबत्यांसाठी ती थिएटरच्या दारात निदर्शकांबरोबर थांबली.

शेवटी प्रकरण लवादाकडे गेले. लवाद जॉर्ज ॲस्क्विथ यांच्या निवाड्याने मॅटिनीच्या मोबदल्याचे नियम ठरले. वादकांना किमान वेतन मिळाले.

१९१२ साली राजासमोर म्युझिक हॉलच्या कलावंतांचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात मारी लॉइडला बोलावणे नव्हते. पण १९२२ साली ती वारली, तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला हजारो सामान्य माणसे लोटली.

राजाने बोलावले नाही, लोक मात्र न बोलावता आले. ज्याचे स्वतःचे भागले आहे, त्याने मागे राहिलेल्यांसाठी दारात उभे राहावे, एवढेच आम्हाला यातून घ्यावेसे वाटते. मुलांनाही ही हकीकत अवश्य सांगा.