पानगळीतला वसंत

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा मानला आहे. मेळघाटच्या अरण्यात मात्र त्याची चाहूल माघातच लागते आणि तीही पालवीने नव्हे, तर पानगळीने. अमरावती जिल्ह्यातील सातपुड्याच्या या रांगांत सागाचे प्राबल्य आहे. थंडी ओसरू लागली की सागाची मोठाली पाने वाळून खाली येतात, झाडीआड लपलेले कडे व नाले उघडे पडतात आणि कहांडोळाची पांढुरकी, नितळ खोडे दुरूनही नजरेत भरतात. प्रथमदर्शनी सारे उजाड वाटते.

त्याच उजाडपणात काटेसावर फुलते. पान एकही नाही. फांद्यांवर केवळ जाड पाकळ्यांची लाल फुले. त्यांतील मधुरसासाठी मैना, बुलबुल, कोतवाल आणि खारी यांची सकाळपासून झुंबड उडते. खाली पडलेली फुले चितळ आवडीने खातात. पाठोपाठ पळस केशरी होतो आणि तांबटाचा एकसुरी ठोका दिवसभर ऐकू येऊ लागतो.

ओढे आटत असताना झाडांना फुलण्याचे बळ कोठून येते? उत्तर व्यापाऱ्याला सहज पटावे असे आहे. झाडाच्या पाण्याचा सर्वांत मोठा खर्च पानांतून होतो. पाने उतरली की तो खर्च थांबतो, मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी खोडात साठू लागते आणि त्या शिलकीवर कळ्या उमलतात. शिवाय पानांचा आडोसा नसल्याने फुले पाखरांना दुरून दिसतात. परागीभवन बहुतांशी पाखरांवरच अवलंबून असल्याने हा लाभ लहान नव्हे.

मार्चमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती तांबडी. अनोळखी माणूस तिला फुलेच समजतो. व्यापारात सरस गणली जाणारी ‘कुसुमी’ लाख याच झाडावरची. त्याच सुमारास मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळू लागतात आणि कोरकू कुटुंबे टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात.

चिंता सुरू होते ती येथेच. वसंताला वाट करून देणारी ती पाने आता जमिनीवर कोरडा पाचोळा होऊन पसरलेली असतात. फुले सहज दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटविला जातो. तेंदूला भरपूर नवी पाने फुटावीत या समजुतीनेही आग लावली जाते. वाटसरूने टाकलेली जळती विडीही पुरेशी ठरते. मोठी झाडे बहुधा तगतात. परंतु कोवळी रोपे, टिटवी-तित्तिरांची जमिनीवरची अंडी आणि पाचोळ्याखालचे असंख्य सूक्ष्म जीव यांना पळता येत नाही.

१९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट एक. वणव्याचे दिवस येण्यापूर्वी वनविभाग जाळरेषा काढतो, पण उन्हाळी वाऱ्यापुढे ती कधी कधी तोकडी पडते. आग न लावताही मोह वेचता येतो. काही वनप्रदेशांत आता पाचोळा झाडून बाजूला करतात, किंवा झाडाखाली जाळी बांधतात. जाळीत पडलेल्या फुलाला माती लागत नाही, ते स्वच्छ वाळते आणि बाजारात अशा मालाला भावही बरा येतो.